पाच गिअर मागे, एक पुढे

मी, ईनिड मार्गारेट ट्रान्टर, कै. वॉल्टर ट्रान्टर यांची पत्नी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा आधी गिअर-फिटर, नंतर तपासनीस आणि आता काही नाही, राहणार १४, हॉर्नबीम रस्ता, कॉव्हेंट्री, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, स्वतःच्या हाताने, चष्मा लावून लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायचा प्रयत्न वॉल्टरने अडतीस वर्षं केला, त्यालाही जमलं नाही. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते, कारण त्यात सगळं वॉल्टरला ठेवलं होतं आणि तो माझ्याआधी निघून गेला.

हे आत्ताच लिहायचं कारण असं की जुलैमध्ये इस्पितळात माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. मी डॉक्टरांना विचारलं, "नवी जुनीपेक्षा चांगली असते ना?" ते म्हणाले, "पुष्कळच चांगली." मी म्हटलं, "आणि बसवताना बाजू नीट बघता ना?" ते हसले. मी हसले नाही. का हसले नाही, ते कलम सहामध्ये लिहिलं आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच नमूद करते. माझा शेजारी आयव्हर प्रॉसर, क्रमांक १६, निवृत्त टर्नर, वय ब्याऐंशी, हा माझ्यावर रुसला आहे. घराच्या कागदांवर साक्षीदार तो, वॉल्टरच्या मृत्युपत्रावर साक्षीदार तो, माझ्या पासपोर्टच्या फोटोमागेसुद्धा सही त्याची. या वेळी मी त्याला बोलावलं नाही.

"मग कोणाला बोलावलंस?" त्याने कुंपणाच्या भिंतीवरून विचारलं.

"औषधाच्या दुकानातल्या दलबीरला. आणि वाचनालयातल्या ग्लिनिसला."

"त्या कालच्या पोरींना? आणि मी काय मेलोय?"

"तुझं अक्षर वाईट आहे."

त्याला आज नऊ दिवस झाले. बोलत नाही. फक्त रोज सकाळी भिंतीवर परसातल्या रुबार्बच्या आंबट देठांची जुडी ठेवतो आणि दार न वाजवता निघून जातो. असो. त्याचा खुलासा कलम आठमध्ये आहे.

कलम १. अंत्यविधी साधा करावा. भाषणं नकोत. चहा, मांस भरलेल्या पोर्क-पाय पेस्ट्र्या आणि लोणच्यातले कांदे ठेवावेत. केक ठेवू नये. केक पाहिला की लोकांना ती जत्रा आठवते आणि मग माझ्याच अंत्यविधीला लोक फिदीफिदी हसत बसतील.

कलम २. घर माझी भाची जोसलिन हिला द्यावं. मागच्या फाटकाची कडी आधी वर उचलायची आणि मग ढकलायची, नुसती ढकलून काही होत नाही, हे तिला मी वीस वर्षं सांगते आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. कलम सहा पुरं होईपर्यंत तिने गॅरेजमधली एकही वस्तू हलवू नये, झाडूसुद्धा मारू नये.

कलम ३. बँकेत जे असेल त्यातलं अर्धं जोसलिनला आणि अर्धं आमच्या मोटार क्लबच्या गळक्या छपराला. छपराला म्हणजे छपरालाच. क्लबचे चिटणीस लायोनेल गार्बट यांना नवा मायक्रोफोन घ्यायला त्यातला एक पेनीही मिळू नये. त्या माणसाच्या हातात मायक्रोफोन गेला की काय होतं ते मी भोगलं आहे.

कलम ४. माझी हत्यारं तंत्रशाळेला द्यावीत. मायक्रोमीटर लाकडी पेटीत आहे. तो शिकंज्यासारखा आवळणाऱ्याच्या हाती देऊ नये. शेडमध्ये खुंटीला कुंपण कापायची मोठी कात्री आहे. ती आयव्हरची आहे. चौदा वर्षं तो म्हणतो की ती माझ्याकडे आहे आणि चौदा वर्षं मी नाही म्हणते. आहे. परत करावी. ही देणगी नव्हे, त्याचीच वस्तू आहे, हे कायद्याच्या दृष्टीने स्पष्ट करते.

कलम ५. श्रीमती पार्जिटर यांना माझं तीन मजली काचेचं केक-स्टँड द्यावं. का, ते त्यांना माहीत आहे. गेल्या सदतीस वर्षांत त्यांनी मला चर्चमध्ये एकदाही आपल्या शेजारी बसू दिलेलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. तीन मजली लिंबाचा केक होता तो आणि वर साखरेची फुलं त्यांनी स्वतः केली होती.

कलम ६. आता पर्लबद्दल.

पर्ल म्हणजे आमची गाडी. दोन आसनी, मोत्याच्या रंगाची, बसायला जमिनीवर मांडी घालावी इतकी बुटकी, इंजिन सीटच्या पाठीमागे, आणि त्याला जोर वाढवणारा टर्बो. वॉल्टर आयुष्यभर शहराची बस चालवत होता. एक दिवस म्हणाला, "ईनिड, मला असं काहीतरी चालवायचंय ज्यात मागे कोणी घंटी वाजवणार नाही." आणि ही घेऊन आला. बनवणारी कंपनी एका शेडमध्ये चालायची, दोन वर्षांत बंद पडली. इंजिन त्यांनी झकास केलं होतं. गिअरबॉक्स मात्र चार गिअरचा आणि नाजूक. टर्बोने जरा जोर धरला की दुसऱ्या गिअरचे दात पडायचे. दोनदा पडले. दोन्ही वेळा मीच बसवले.

तिसऱ्यांदा मी म्हटलं, आता पुरे. दणकट पाच गिअरचा डबा बसवू या. तो एका दुसऱ्या गाडीतून मिळाला. भट्टीतून काढल्यासारखा नवा. एकच भानगड होती. त्या गाडीत इंजिन गिअरबॉक्सच्या मागे होतं, पर्लमध्ये ते गिअरबॉक्सच्या पुढे आहे. म्हणजे डबा पाठमोरा बसणार. आणि डबा पाठमोरा बसला की आतलं मोठं दातेरी चक्र काढून पलीकडच्या बाजूला बसवावं लागतं. नाही बसवलं तर चाकं उलटी फिरतात. हे गिअरच्या धंद्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. मी त्या धंद्यात तेव्हा बावीस वर्षं होते.

जून १९८८. शुक्रवारी मी चक्र काढलं, साफ केलं, बेअरिंग बदललं आणि परत बसवलं. माझी सवय अशी की जो भाग मी स्वतः बसवून तपासला, त्यावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा. ठिपका दिला. आयव्हरने बोल्ट धुतले, मला दिवा धरला आणि शेवटी झाकण लावलं. त्याचं काम एवढंच. शनिवारी दुपारी गाडी चार लोखंडी घोड्यांवर, चाकं अधांतरी राहतील अशी, उचलून ठेवली. मी आत बसले, तो मागे वाकून उभा राहिला.

"फिरतायत का?" मी ओरडले.

"फिरतायत!"

"दुसरा टाकते! फिरतायत का?"

"अगं, काय सुरेख फिरतायत!"

पाचही गिअर झाले. फिरत होती, यात शंका नाही. कुठल्या बाजूला, ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. वॉल्टर फाटकाशी उभा राहून टाळ्या वाजवत होता.

रविवारी चर्चच्या मैदानावर उन्हाळी जत्रा. गाडी ट्रेलरवरून नेली, हाताने ढकलून उतरवली. क्लबच्या सगळ्या गाड्या एकेक फेरी मारणार होत्या आणि गार्बट मायक्रोफोनवर प्रत्येकीचं वर्णन करत होते. आमच्या कारखान्याचे व्यवस्थापकही बायकोला घेऊन आले होते. त्यांच्या हातात स्कोन, म्हणजे चहाबरोबरचा छोटा गोड पाव होता. दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी नऊला, तपासनिसाच्या जागेसाठी ते माझी मुलाखत घेणार होते. गिअर विभागात तोपर्यंत एकही बाई तपासनीस झाली नव्हती.

"आणि आता," गार्बट म्हणाले, "श्रीमती ट्रान्टर, पाच गिअरच्या नव्या डब्यासह!"

मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि पर्ल मागे गेली. मला वाटलं उतार आहे. म्हणून मी आणखी दाब दिला. तेवढ्यात टर्बो जागा झाला. पुढचं मी आरशात पाहिलं. तंबू, टेबल, हातात सुरी धरलेल्या श्रीमती पार्जिटर, आणि मग आरशात फक्त लिंबाचं क्रीम. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, देवाची कृपा. मी घाबरून रिव्हर्स टाकला. पर्ल झोकात पुढे निघाली. पाच गिअर मागे जाणारे आणि एक पुढे जाणारा, अशी ती इंग्लंडमधली एकमेव गाडी असावी. मैदानाबाहेर मी रिव्हर्स गिअरमध्येच गेले, नाकासमोर बघत.

लोक गडाबडा लोळत होते. व्यवस्थापकांनी स्कोन खाली ठेवला आणि विचारलं, "हे चक्र कोणी बसवलं?" तेव्हा आयव्हरने हात पुसले, गार्बटच्या हातातून मायक्रोफोन घेतला आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं बोलला: "मी. ईनिडने तीनदा सांगितलं होतं बाजू बदल म्हणून. मी ऐकलं नाही. मला वाटलं, बाईमाणसाला काय कळतंय."

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

सोमवारी मला ती जागा मिळाली. सतरा वर्षं मी दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खडूने फुल्या मारल्या. आयव्हरला लोक 'पाचमागे प्रॉसर' म्हणू लागले. त्याच वर्षी गार्बटने एक चषक काढला. लाकडी पाटावर बसवलेलं दातेरी चक्र, खाली पितळेची पाटी: 'आयव्हर प्रॉसर चषक, वर्षातल्या सर्वांत मोठ्या गाढवपणासाठी'. दर डिसेंबरच्या जेवणात आयव्हर उठतो आणि स्वतःच्या हाताने तो चषक त्या वर्षीच्या गाढवाला देतो. सगळे टेबलं बडवतात. मीही बडवते. आणि घरी येऊन मला झोप लागत नाही.

म्हणून येथे, माझ्या पूर्ण शुद्धीत, जाहीर करते की सदर चक्र मी, ईनिड ट्रान्टरने, चुकीच्या बाजूला बसवलं. आयव्हर प्रॉसरचा त्यात काडीचाही दोष नव्हता. मला लाज वाटली, आणि ती जागा मला हवी होती. एवढंच कारण आहे, यापेक्षा चांगलं कारण मला सापडलेलं नाही.

पुरावा गॅरेजमध्ये बाकाखालच्या खोक्यात आहे. मी तो डबा त्याच आठवड्यात उतरवला, जुना चार गिअरचा परत चढवला आणि तेव्हापासून टर्बोची गाडी दुधाच्या गाडीसारखी हळू चालवली. दर वसंतात आयव्हर विचारतो, "ईनिड, तो पाच गिअरचा बसवू या ना गं एकदा. चक्र फिरवलं की झालं." आणि मी दरवर्षी काहीतरी थाप मारते. सील मिळत नाही. गुडघे दुखतात. गंज चढलाय. गंज कसला चढतोय! मी दर महिन्याला त्यावर तेल लावते. झाकण उघडलं की माझा पिवळा ठिपका दिसेल, एवढीच माझी अडचण.

सदर गाडी, सदर डबा, आणि पिवळ्या रंगाचं डबडं, ब्रशसह, मी आयव्हर प्रॉसरला देते. त्याने चक्र योग्य बाजूला न्यावं, डबा बसवावा आणि पर्लला एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये न्यावं. वॉल्टरला ते बघायला मिळालं नाही.

कलम ७. माझ्या ओट्याच्या खणात, सुरी-काट्यांच्या मागे, फडक्यात गुंडाळलेली एक पितळेची पाटी आहे. अक्षरं मी स्वतः ठोकली आहेत: 'ईनिड ट्रान्टर चषक'. सोबत चार स्क्रू आहेत. गार्बटने जुनी पाटी काढून ही लावावी, आणि कलम सहा क्लबच्या जेवणात, सगळ्यांसमोर, त्यांच्या त्या लाडक्या मायक्रोफोनवरून, एक शब्दही न गाळता वाचावं. न वाचल्यास छपराचे पैसे रद्द.

कलम ८. आणि आता तुझा रुसवा, आयव्हर. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे जो मृत्युपत्राला साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून फुटकी कवडी मिळत नाही. मी तुला बोलावलं असतं तर तू आनंदाने सही केली असतीस आणि पर्ल हातची घालवली असतीस. तुझं अक्षर वाईट आहे हेही खरंच आहे, पण कारण ते नव्हतं. रुबार्ब गोड होतं.

वरील सर्व मी मोठ्याने वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करत आहे. आम्ही तिघी एकाच वेळी या टेबलाशी बसलो आहोत आणि चहा गार झाला आहे.

ईनिड एम. ट्रान्टर

साक्षीदार: दलबीर कौर सहोता, औषधविक्रेत्या, हॉर्नबीम रस्ता
साक्षीदार: ग्लिनिस ओकली, ग्रंथपाल, मिल लेन
कॉव्हेंट्री, ३ मे २०२५

पुरवणी

मी, वरील ईनिड ट्रान्टर, अजून जिवंत आहे आणि माझ्या मृत्युपत्रात पुढील फेरफार करते.

झालं असं की ३ मे रोजी दलबीरने सही केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "आंटी, हे सगळं तुम्ही मेल्यावर त्याला कळणार?"

"हो. त्यालाच मृत्युपत्र म्हणतात."

"मग तो भांडणार कोणाशी?"

औषधं देणारी माणसं अशीच कडू गोळी देतात, वर पाणीही विचारत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. आयव्हर रुबार्ब घेऊन आला. मला बघून मागे वळायला लागला.

"थांब," मी म्हटलं. "ते चक्र मी बसवलं होतं."

नऊ-दहा दिवसांनी पहिल्यांदा बोलला. "कुठलं चक्र?"

"कुठलं म्हणजे? अठ्ठ्याऐंशीचं! चुकीच्या बाजूला मी बसवलं होतं."

"हां, ते. माहीत आहे की."

"तू बसवलं नाहीस हे तुला माहीत असणारच, शहाण्या. पण मी त्या दिवशी गप्प बसले, मुद्दाम, आणि नंतर सगळी वर्षं..."

"अगं, तुला सोमवारी मुलाखत होती. मला कुठे मुलाखत होती?" त्याने जुडी भिंतीवर ठेवली. "आणि खरं सांगू? झाकण लावताना मला तुझा पिवळा ठिपका दिसला होता. डावीकडे. मला वाटलं, हा उजवीकडे हवा ना?"

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"ठिपका तुझा होता."

मी तिथेच भिंतीला धरून रडले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, त्याला काय करावं कळेना. त्याने मला रुबार्ब दिलं. मग म्हणाला, "आता तरी कात्री देतेस का?" कात्री दिली. कलम चारमधलं ते वाक्य रद्द.

कलम सात रद्द, कारण पुढच्याच रविवारी क्लबात मी स्वतः उठून मायक्रोफोनवर सगळं सांगितलं. श्रीमती पार्जिटर यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी चर्चमध्ये योग्य माणसावरच चिडले होते. बरं वाटलं." त्यांना केक-स्टँड आत्ताच दिलं, म्हणजे कलम पाचही रद्द. आयव्हर मात्र आपली पाटी काढू देईना. म्हणाला, "वा गं वा! सदतीस वर्षं त्या पाटीवर मी फुकट जेवतोय." शेवटी माझी त्याच्या खाली लावली. चारही स्क्रू मी आवळले.

आणि डबा बसवला. दलबीरच्या नवऱ्याने साखळी-कप्पी आणली, बाकी सगळं आम्ही दोघांनी केलं, गुडघ्यांसकट. चक्र मी उजवीकडे नेलं आणि दुसरा ठिपका त्याने दिला. गाडी घोड्यांवर चढवल्यावर दोघंही एकाच बाजूला उभे राहिलो आणि दलबीरला आत बसवलं. काल, वीस तारखेला, पर्लला मोकळ्या रस्त्यावर नेलं. पहिला गिअर टाकताना आयव्हरने डोळे मिटले होते. पुढे गेली. पाचव्यात टाकली तेव्हा टर्बो असा काही गायला की आयव्हरने वॉल्टरचं नाव घेऊन शीळ घातली. मी किती वेगाने गेले ते मृत्युपत्रात लिहिणं शहाणपणाचं नाही.

कलम सहा रद्द. पर्ल मी आज सकाळी, जिवंतपणी, आयव्हर प्रॉसरच्या नावावर केली असून कागद टपालात पडले आहेत. झडपेचं काय व्हायचं ते जुलैत होईल. मला भीती वाटते, तेही लिहून ठेवते. इस्पितळात मला पर्लमधूनच न्यायचं आणि पर्लमधूनच आणायचं, असं आयव्हरने ठरवलं आहे.

यामुळे आयव्हर प्रॉसरला माझ्या मृत्यूनंतर माझ्याकडून काहीही मिळणार नाही, कवडीही नाही. अर्थात, साक्षीदार व्हायला त्याच्याइतका योग्य माणूस आता दुसरा नाही. म्हणून ही पुरवणी त्याच्या आणि दलबीरच्या देखत मी सही करत आहे.

त्याने चष्मा पुसला, पेन घेतलं, कागदावर वाकला, आणि मला विचारलं, "कुठल्या बाजूला?"

ईनिड एम. ट्रान्टर

डावीकडे, साक्षीदार: दलबीर कौर सहोता, औषधविक्रेत्या
उजवीकडे, साक्षीदार: आयव्हर प्रॉसर, निवृत्त टर्नर, शेजारी
कॉव्हेंट्री, २१ जून २०२५